‘हॅविंग’ चुकलं, म्हणून क्लास बंद करायचा?

पत्र थोडक्यात : धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय 36. बी.ए., डी.एड. झालेलं, पण नोकरी लागली नाही म्हणून काही वर्षांपासून घरीच पाचवी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवतात. गेल्या महिन्यात एका मुलीच्या आईने क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निबंधाच्या वहीचा फोटो टाकला. ‘आय ॲम हॅविंग वन ब्रदर अँड वन सिस्टर’ या वाक्याभोवती लाल गोल होता आणि खाली ओळ होती, ‘मॅडम, हे चूक आहे ना?’ वाक्य ताईंनीच लिहून दिलेलं. घाबरून त्यांनी दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, ‘हॅविंग कधीच लिहायचं नाही.’ पुढच्या चाचणीत एका मुलाचं ‘वुई वेअर हॅविंग डिनर व्हेन द लाइट्स वेंट आउट’ हे वाक्य त्यांनी कापलं. त्याच्या शाळेतल्या सरांनी मात्र तेच वाक्य बरोबर म्हणून दिलं. दोन मुलं क्लास सोडून गेली. घरात चुलत सासरे म्हणतात, ‘अहिराणी बोलणाऱ्या बाईने इंग्रजी शिकवूच नये.’ ताई विचारतात : खरं काय आहे? मुलांना सांगू का? की क्लासच बंद करू?

---

ताई,

आधी व्याकरणाचा निकाल लावू, कारण तो लागला की तुमची अर्धी धास्ती कमी होईल. लाल गोल करणाऱ्या त्या आईही बरोबर आहेत आणि शाळेतले सरही बरोबर आहेत. चुकलं ते तुमचं दुसऱ्या दिवशीचं फर्मान. पहिल्या चुकीने एक वाक्य बिघडलं होतं. ‘कधीच लिहायचं नाही’ म्हटल्यावर मुलांची बरोबर येणारी वाक्यंही बिघडायला लागली.

‘हॅव’ दोन वेगवेगळी कामं करतो. एका कामात तो फक्त ‘आहे’ एवढंच सांगतो. भाऊ आहे, गाडी आहे, सर्दी आहे, घराला दोन दारं आहेत. इथे काही घडत नसतं, म्हणून इथे ‘हॅविंग’ येत नाही : आय हॅव वन ब्रदर. शी हॅज अ कोल्ड. द हाउस हॅज टू डोअर्स. दुसऱ्या कामात तो काहीतरी करणं किंवा घडणं सांगतो. जेवणं, चहा घेणं, आंघोळ, मीटिंग, भांडण, मजा. इथे ‘हॅविंग’ बिनधास्त येतं. दिवे गेले तेव्हा आम्ही जेवत होतो, म्हणजे वुई वेअर हॅविंग डिनर. त्या पोराचं वाक्य शंभर टक्के बरोबर होतं.

दोन्ही कामं एकाच वाक्यात शेजारी बघायची असतील तर हे बघा. ‘माय सिस्टर हॅज अ बेबी’ म्हणजे बहिणीला लेकरू आहे. ‘माय सिस्टर इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे बहिणीला दिवस गेले आहेत, किंवा ती या घडीला दवाखान्यात बाळंत होते आहे. (सातवीच्या वर्गात हे उदाहरण द्यायचं की नाही, ते तुम्ही तुमचं बघा. पोरं खिदळतील, पण विसरणार नाहीत.) आजारांतही असंच. ताप, सर्दी, डोकेदुखी असेल तर ‘हॅव’. पण समोरच्या माणसाला आत्ता, या क्षणी झटका येत असेल तर ही इज हॅविंग अ हार्ट अटॅक. कारण झटका ही घडणारी गोष्ट आहे.

मधला थोडा भाग धूसर आहे, तोही माहीत असू द्या. ‘आय हॅव अ प्रॉब्लेम’ बरोबर. ‘आय ॲम हॅविंग अ प्रॉब्लेम विथ माय फोन’ हेही बरोबर, कारण त्रास सध्या चालू आहे. एखादं हुशार पोरगं विचारेल की ‘लव्ह’लाही ‘आयएनजी’ लागत नाही म्हणता, मग मॅकडोनाल्ड्सची जाहिरात ‘आयम लव्हिंग इट’ कशी काय म्हणते? 2003 पासून ती ओळ जगभर चालू आहे. त्याला सांगा की जाहिरातवाल्यांनी ते मुद्दाम केलं, आत्ता खाता खाता मजा येते आहे एवढं सांगायला. नियम माहीत असला की तो वाकवता येतो. परीक्षेच्या पेपरात मात्र वाकवायचा नाही.

आता तुमच्या चुलत सासऱ्यांकडे वळते. तुमच्या पत्रात ‘हॅविंग’पेक्षा त्यांचंच वाक्य मोठं झालं आहे. तुम्ही ते खोडून न काढता जवळजवळ मान्य करून टाकलंय, ‘आमचं अहिराणी वळण, त्यामुळे असं होतं’ असं स्वतःच लिहून. हे कुठून आलं ते नीट बघू.

इंग्रजी ज्याला एका ‘हॅव’मध्ये कोंबते, त्याच्यासाठी मराठीत एक क्रियापदच नाही. आपण दरवेळी वेगळ्या वाटेने जातो. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे गाडी आहे. माझं चार एकर शेत आहे. घराला दोन दारं आहेत. तिच्यात हिंमत आहे. नातं असेल तर ‘मला’, हाताशी असेल तर ‘माझ्याकडे’, मालकी असेल तर ‘माझं’, वस्तूचा भाग असेल तर ‘-ला’, अंगचा गुण असेल तर ‘-त’. हे काही आपलं दारिद्र्य नाही. रशियन आणि अरबी बोलणारेही रोजच्या बोलण्यात ‘माझ्यापाशी आहे’ अशाच रचनेने मालकी सांगतात. पण मराठीच्या या सगळ्या वाक्यांच्या शेवटी एकच शब्द येतो : आहे. आणि ‘मी जेवत आहे’ याच्या शेवटीही तोच. आता इंग्रजी शिकणाऱ्या पोराच्या डोक्यात ‘आहे’ म्हणजे ‘ॲम’ हे पहिल्या महिन्यातच पक्कं बसतं. मग ‘मला दोन भाऊ आहेत’ म्हणायची वेळ आली की तो ‘आय ॲम’ने सुरुवात करतो, आणि पुढे ‘हॅव’ घालायचा तर ‘हॅविंग’शिवाय गत्यंतर नाही. माझ्या मते चुकीची मेख या ‘आहे’त आहे. हिंदीतला ‘है’ही असाच दोन्हीकडे येतो, आणि ‘आय ॲम हॅविंग’ देशभर ऐकू येतं. भारतीय इंग्रजीचा अभ्यास करणारे तर ‘हॅव’, ‘नो’, ‘अंडरस्टँड’ यांना ‘आयएनजी’ लावणं ही इथल्या इंग्रजीची एक खूण म्हणूनच नोंदवतात. यात अहिराणीला एकटीला पिंजऱ्यात उभं करायचं कारण नाही.

उलट अहिराणी इथे तुमच्या कामाला येते.

तुम्ही घरात काय म्हणता? ‘माले दोन भाऊ शेतस.’ आणि कुणी जेवत असेल तर? ‘तो जेवी राहिना.’ बघा, अहिराणीत असण्याला ‘शे’ आणि चालू असलेल्या कामाला ‘राहिना’. प्रमाण मराठी जिथे दोन्हीकडे ‘आहे’ लावते, तिथे तुमच्या घरच्या बोलीने दोन खुंट्या वेगळ्या ठोकल्या आहेत. वर्गातल्या मुलांना एवढंच विचारा : हे वाक्य घरी बोलताना ‘शे’ने संपेल की ‘राहिना’ने? ‘शे’ आला तर ‘हॅव’ किंवा ‘हॅज’. ‘राहिना’ आला तर ‘हॅविंग’. तिसऱ्या-चौथ्या वाक्यापासून पोरं तुमच्या आधी ओरडून सांगतील.

ही कसोटी फक्त ‘हॅव’पुरतीच वापरा बरं का. अहिराणीतही, मराठीतही आपण ‘समजतंय’, ‘दिसतंय’ असं चालू काळात म्हणतो. त्या वाटेने गेलात तर ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम सीइंग युअर पॉइंट’ अशी नवी भुतं घरात येतील. ती पुढच्या महिन्यात बघता येतील.

आणि चुलत सासऱ्यांना सांगावंसं वाटलंच तर हेही सांगा, की इंग्रजांच्या काळात ग्रिअर्सनने केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीला, म्हणजे तुमच्या अहिराणीला, मराठीच्या खंडात घातलेलं नाही. 1907 साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांबरोबर, तिची स्वतंत्र नोंद आहे. तिचं कूळ कोणतं यावर वाद घालणारे अजून घालतात. पण 2011 च्या जनगणनेतही खानदेशी हे नाव वेगळं आहे आणि त्या नावाखाली मोजलेले लोक 18 लाखांहून जास्त आहेत. ‘बिघडलेली मराठी’ म्हणून तिची बोळवण करायची सवय आपल्याकडे शिकलेल्यांनाच जास्त आहे. पण खरं सांगू का, सासऱ्यांशी वाद घालून तुमची एकही फी वाढणार नाही. त्यांना चहा द्या आणि वर्गात जा.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीत दडलंय : ज्याला शिकवायचं त्याला सगळं यायलाच हवं, आणि जे येत नाही ते मुलांना कळता कामा नये. तुम्ही पाचवीपासून ए-बी-सी-डी शिकलात. आपल्या राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, म्हणजे तुमच्या पिढीने हाय स्कूलच्या उंबऱ्यावर जे सुरू केलं ते आजच्या पोरांना अंगणवाडीतून बाहेर पडताच मिळतं. तुमच्या शिक्षकांनीही कदाचित ‘हॅविंग’च शिकवलं असेल. तरी तुम्ही मुलांकडून निबंध लिहून घेता, वह्या तपासता, चाचण्या घेता. पुष्कळ ठिकाणी तेवढंही होत नाही. ज्या बाईंना चूक दिसली त्यांनी वही उघडून बघितली, हे लक्षात घ्या. ग्रुपवर चारचौघांत टाकायला नको होतं, हे मलाही वाटतं. एकटीला मेसेज करता आला असता. पण वही बघणारा पालक आपल्याकडे किती दुर्मीळ आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आता करायचं काय?

क्लास बंद करणं हा पर्याय तुम्ही लिहिला आहे म्हणून त्याचा विचार करते. बंद केलात तर घरात येणारे पैसे थांबतील, तुमची इतक्या वर्षांची सवय मोडेल, आणि मुलांच्या वहीतलं ते वाक्य मात्र तिथेच राहील. गुपचूप सुधारणं हा दुसरा पर्याय. यापुढे बरोबर शिकवायचं, मागचं काढायचं नाही. तो वरून शहाणपणाचा वाटतो, पण चालणार नाही. ‘माय फॅमिली’ हा निबंध मुलांनी पाठ केलेला आहे. पाठ केलेली गोष्ट आपोआप सुधारत नाही. वार्षिक परीक्षेत तीच ओळ जशीच्या तशी उतरेल, आणि तेव्हा ती कुणाच्या क्लासची ते सगळ्यांना कळेल.

म्हणून मुलांना सांगा. पण भाषण नको, डोळ्यांत पाणी आणून माफी तर अजिबात नको. पोरं गोंधळतात. फळ्यावर शेजारी शेजारी दोन वाक्यं लिहा : ‘आय हॅव वन ब्रदर’ आणि ‘आय ॲम हॅविंग माय लंच’. म्हणा, ‘पहिल्याच्या जागी मी तुम्हाला चुकीचं लिहून दिलं होतं, आणि मागच्या चाचणीत दुसऱ्यासारखं बरोबर वाक्य कापलं होतं. आता आपण दोन्ही नीट करू.’ मग ‘शे’ आणि ‘राहिना’ दाखवा. मग प्रत्येकाने आपली जुनी वही काढून पेन्सिलने सगळे ‘हॅविंग’ शोधायचे, आणि शेजाऱ्याला पटवायचं की हा ठेवायचा का खोडायचा. काम अर्ध्या तासाचं आहे. ज्याचे मार्क कापले त्याला त्याच वेळी सगळ्यांसमोर परत द्या.

शिकवताना उदाहरणं त्यांच्या ताटातली घ्या. हिवाळ्यात बामणोदची वांगी आणून शेतात भरताचा बेत होतोच. ‘वुई आर हॅविंग अ भरीत पार्टी ऑन संडे’, हे ‘हॅविंग’चं उत्तम उदाहरण, आणि ठरलेल्या पुढच्या गोष्टीलाही ते चालतं हे त्यातून आपोआप कळतं. ‘वुई हॅव टेन किलोज ऑफ ब्रिंजल्स’ हे दुसरं. वांगी नुसती पडली आहेत, तिथे ‘हॅव’. त्यांचं भरीत खाणं चाललंय, तिथे ‘हॅविंग’.

‘हॅव’चा आणखी एक उपयोग आहे आणि तो आपल्याकडे जवळपास कुणी शिकवत नाही, म्हणून थोडी थांबते. शेतकरी म्हणतो, ‘मी औंदा बोअर केली.’ त्याने स्वतः केली का? गाडी आली, मजूर आले, मशीनने भोक पाडलं, त्याने पैसे मोजले. मराठीत आपण बिनदिक्कत ‘मी केली’ म्हणतो आणि सगळ्यांना समजतं. इंग्रजीत ‘आय ड्रिल्ड अ बोअरवेल’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, या माणसाचं स्वतःचं मशीन आहे. करवून घेतलं असेल तर तिथे ‘हॅव’ लागतो : आय हॅड अ बोअरवेल ड्रिल्ड. केस कापण्याचंही तेच. ‘आय कट माय हेअर’ म्हणजे आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवली. सलूनमधून आला असाल तर आय हॅड माय हेअर कट. आपल्या ‘करणे’ आणि ‘करवणे’मध्ये हा फरक आहेच, फक्त बोलताना आपण ‘करवणे’ वापरायचा कंटाळा करतो. आठवीच्या मुलांना हे एकदा दाखवा. बोअर, केस, चष्मा, गाडीची सर्व्हिसिंग, घराचा रंग असं काय काय आपण ‘केलं’ म्हणतो आणि कुणी दुसऱ्याने केलेलं असतं, त्याची यादी पोरं घरून करून आणतील.

‘हॅव टू’ मात्र सावकाश घ्या. ‘मला जळगावला जायचंय’ या वाक्यात इच्छाही असते आणि सक्तीही. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं. मनाने जायचं असेल तर ‘आय वाँट टू गो’, गेल्याशिवाय इलाज नसेल तर ‘आय हॅव टू गो’. आणि तोंडाने हे ‘हॅफ टू’ असं ऐकू येतं, तेही सांगून ठेवा, नाहीतर मुलं मोबाइलवर ऐकताना ‘हाफ’ समजतात. ‘हॅड हॅड’च्या कोड्यात शिरू नका. दर तालुक्यात एक गुरुजी असतात जे फळ्यावर ओळीने चार ‘हॅड’ लिहून आपली विद्वत्ता सिद्ध करतात. पाचवी-सहावीच्या मुलाला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यापेक्षा ‘डज शी हॅज’ होऊ देऊ नका. ‘डज’ आला की पुढे ‘हॅव’च, ही चूक ‘हॅविंग’हून जास्त मुलांच्या वहीत असते, फक्त तिच्याभोवती अजून कुणी लाल गोल केलेला नाही.

शंका आली तर कुणाला विचारायचं, हेही तुम्ही विचारलंय. मोबाइलवर ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश फुकट उघडतो. त्यात ‘हॅव’ काढा. मालकीच्या अर्थाशेजारीच बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे की या अर्थाने हा शब्द चालू काळात वापरत नाहीत. कोणत्याही क्रियापदाला ‘आयएनजी’ लावायची शंका आली की आधी ती बारीक ओळ आहे का ते बघायचं. इंग्रजी-मराठी शब्दकोशात हे सहसा मिळत नाही, तिथे नुसता अर्थ मिळतो. पुण्या-मुंबईला मुलाखतीला जाणाऱ्या पोरांनाही हेच सांगते. ‘आय ॲम हॅविंग टू इयर्स एक्स्पीरिअन्स’ आणि ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ ही दोन वाक्यं तेवढी बदला : आय हॅव टू इयर्स ऑफ एक्स्पीरिअन्स, आणि आय हॅव अ क्वेश्चन. त्यासाठी हजारो रुपयांचा स्पोकनचा कोर्स लावायची गरज नाही.

कुणी म्हणेल, भारतीय इंग्रजीची खूण आहे ना, मग राहू द्या की ‘हॅविंग’. बसमध्ये शेजारच्या माणसाशी बोलताना राहू द्या, माझी काही हरकत नाही, समोरच्याला अर्थ पोचतो. पण तुमच्या मुलांना पेपर लिहायचेत आणि पुढे अर्ज करायचेत. वाचणारा त्यांना ओळखत नसेल, तो फक्त ओळ बघेल. तेव्हा वर्गात प्रमाण रूपच शिकवा.

राहिला ग्रुप. त्या आईंच्या मेसेजला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही, आणि तो फोटो तसाच वर लटकतोय. मुलांना सांगून झालं की त्याच संध्याकाळी मराठीतच लिहा : ‘ताई, ते वाक्य चुकलं होतं, दाखवून दिलंत, बरं झालं. नाती, वस्तू, आजार यांना हॅव किंवा हॅज. जेवण, मीटिंग, सहल यांना हॅविंग चालतं. आज मुलांकडून जुन्या वह्या दुरुस्त करून घेतल्या आहेत, सर्वांनी कृपया बघाव्यात. मागच्या चाचणीत हॅविंग डिनर हे बरोबर वाक्य माझ्याकडून कापलं गेलं होतं, ते मार्क वाढवून दिले आहेत.’ एवढंच. खाली हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग नको आणि ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ही नको. सोडून गेलेल्या दोन मुलांच्या घरी मात्र फोन करा. त्यांच्या वहीतही तोच निबंध आहे, आणि ती परत आली नाहीत तरी त्यांना बरोबर वाक्य कळायला हवं. फी बाकी असेल तर त्या फोनवर काढू नका, ती नंतर मागा.